माळवदाच्या सागवानाचं टेबल कामून तडकलं

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण लातूरात माझ्या ओळखीचे दोघं-तिघं आता घरच्या घरी लाकूडकाम सुरू करूलालेत आणि सगळ्यांच्या तोंडी तेच वाक्य आहे जे अडीच-तीन वर्षांपूर्वी माझ्या तोंडी होतं, की "जुनं लाकूड आहे, पाऊणशे वर्षं वाळलंय, आता ते काय हलतंय." ते हलतं. किती हलतं, कोणत्या महिन्यात हलतं आणि त्याला हलू दिलं नाही तर काय होतं ते मी लेकीसाठी केलेल्या एका टेबलावरून सांगतो, तेच माझं पहिलं फर्निचर.

लाकूड आमच्या गावाकडच्या माळवदाचं, गाव औसा तालुक्यात. आजोबांचं घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. आमचं घर पडलं नाही पण भिंतीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. त्या पहाटे किती माणसं दगड अन् मातीच्या ओझ्याखाली गेली ते लातूर-धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) प्रत्येक घराला माहीत आहे, त्यामुळं आजोबांनी पुढच्या वर्षी माळवद उतरवलं आणि वर पत्रे टाकले. तुळया मात्र विकल्या नाहीत. गोठ्याच्या बाजूला विटा मांडून त्यावर रचून ठेवल्या आणि शेवटपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही, म्हणायचे घराचं लाकूड घरात लागतं.

लेक नववीत गेली तेव्हा तिला अभ्यासाला टेबल पाहिजे होतं. रेडिमेड बघितली, सगळी भुशाच्या बोर्डाची अन् वर कागद चिकटवलेली, ती मला पटली नाहीत. मग दोन तुळया टेम्पोत टाकून आणल्या, प्रत्येक सहा बाय आठ इंच, सात-सात फूट लांब. आरा मशीनवाला जुनं लाकूड बघितलं की आधी खिळ्याचं विचारतो आणि त्याचं बरोबर आहे, एक खिळा पात्यात गेला की पातं खराब होतं अन् माणसालाही लागू शकतं. मी जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून तुळईच्या चारी अंगावरून सावकाश फिरवला, जिथं ओढ लागली तिथं खडूनं गोल केला आणि दोन संध्याकाळी बसून अकरा खिळे काढले. त्यातले तीन डोक्याशिवायचे होते, ते डोळ्याला दिसलेच नसते.

तुळई चिरली तो क्षण मी विसरणार नाही. वरून ती चुलीच्या धुरानं काळी झालेली, हात लावला तर हात काळा होई, आणि मशीनमधून पहिली फळी बाजूला पडली तर आतून मधासारखा रंग अन् तो सागवानाचा तेलकट, चामड्यासारखा वास. आरा मशीनवरचा पोरगा पण फळीवरून हात फिरवून म्हणाला, "साहेब, असला माल आता येत नाही." सव्वा इंच जाडीच्या फळ्या निघाल्या. त्या आणून मी आठच दिवस घरात ठेवल्या, कारण माझ्या मते त्या वाळलेल्याच होत्या.

महिना ऑगस्टचा होता हे लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच येतं.

हत्यारं थोडीच घेतली, एक लोखंडी रंधा, दोन पटाश्या, करवत, गुण्या, ड्रिल आणि चार शिकंजे. आमच्या मागच्या गल्लीत एक सुतारमामा राहतात, वय सत्तरच्या पुढं, हात थरथरतो म्हणून काम सोडलंय. त्यांनी मला पाय अन् आडव्या पट्ट्यांचं कुसू, म्हणजे भोकात बसणारी लाकडाची जीभ, कसं काढायचं ते शिकवलं. आधी भोक पाडायचं, मग भोकाच्या मापानं कुसू, उलटं करायचं नाही, कारण कुसू रंध्यानं केसभर कमी करता येतं पण भोक मोठं झालं तर झालं. चौकट छान झाली, आजही एकही सांधा हललेला नाही, म्हणून चौकटीबद्दल जास्त लिहीत नाही. घोळ सगळा वरच्या फळीत झाला आणि ती मी मामांना न विचारता केली होती.

वरची फळी चार फूट लांब, दोन फूट रुंद. सहा-सहा इंचाच्या चार फळ्या कडेला कडा लावून फेविकॉलनं जोडल्या, शिकंज्यात एक दिवस ठेवल्या. इथपर्यंत बरोबर. मग दोन्ही टोकांना कापलेल्या लाकडाचा खरबरीत भाग दिसत होता तो झाकायला आणि फळी वाकू नये म्हणून अडीच इंचाची एकेक पट्टी आडवी लावली, पूर्ण दोन फूट लांबीला फेविकॉल आणि वरून प्रत्येकी सहा स्क्रू. मग ही फळी चौकटीवर ठेवून खालून चौदा स्क्रू मारले, तिथंही फेविकॉल. वरच्या अंगाला पॉलिशचे तीन हात दिले. खालच्या अंगाला काहीच दिलं नाही, तिथं कोण बघतंय असं वाटलं. टेबल इतकं घट्ट झालं होतं की मी वर उभा राहिलो तरी कुरकुरलं नाही आणि मला ते घट्ट असणंच चांगल्या कामाची खूण वाटत होतं.

दिवाळीपर्यंत काही नाही. संक्रांतीच्या सुमाराला लेक म्हणाली, "पप्पा, इथं कडेला नख अडकूलालंय." बघितलं तर टोकाची आडवी पट्टी दोन्ही बाजूंनी फळीच्या बाहेर आल्यासारखी वाटत होती, केसभरच. मला वाटलं पट्टी मोठी कापली गेली असेल, पॉलिश पेपर मारून सारखी करून टाकली. ती पहिली खूण होती आणि मी ती घासून टाकली.

मार्चच्या मधल्या आठवड्यात रात्री अकराच्या पुढं लेकीच्या खोलीत फाट्टकन आवाज झाला, बल्ब फुटावा तसा. खिडकीकडच्या टोकाला फळी तडकली होती. चीर टोकापासून आत चौदा इंच, टोकाला दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रुंद आणि पुढं निमुळती होत होत केसासारखी. लेकीच्या डोळ्यात पाणी आलं, परीक्षा तोंडावर होती म्हणून नाही, हे पणजोबांचं लाकूड आहे हे तिला माहीत होतं म्हणून.

माझा पहिला संशय फेविकॉलवर. भुसा अन् फेविकॉल कालवून चीर बुजवायची तयारी पण केली होती, बरं झालं आधी मामांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, वाकून टोकाकडं बघितलं आणि चिरेवरून नख फिरवलं.

मी विचारलं, "मामा, फेविकॉल कमी पडला का?"

"कमी पडला असता तर जोडावर उघडलं असतं. बघ की, जोड हितं हाय अन् चीर हितं."

खरंच, चीर जोडापासून बोटभर बाजूला, अख्ख्या लाकडातून गेली होती. जोड जसाच्या तसा. कडेला कडा चिकटवलेला जोड नीट बसला असेल तर तो लाकडापेक्षा मजबूत असतो, त्यामुळं ओढ बसली की लाकूड आधी फाटतं. मग त्यांनी टोकाच्या आडव्या पट्टीवर टिचकी मारली, म्हणाले, "तू ह्याला दोन्हीकडनं बांधून घातलास, वरून चौकटीला बी बांधलास. उन्हाळ्यात त्याला अंग चोरायचं असतंय, त्यानं जावं कुठं?" आणि बुजवू नको म्हणून बजावलं, कारण उन्हाळ्यात चीर बुजवली की पावसाळ्यात लाकूड फुगून ती मिटायला बघते, आत भरलेलं मटेरियल पाचरीसारखं आडवं येतं अन् पुढच्या उन्हाळ्यात चीर अजून लांब जाते.

मग त्यांनी मला आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराजवळ नेलं. हे दार गावाकडच्या घराचं, मी रोज उघडतो-लावतो. चारी बाजूंनी जाड चौकट आणि मध्ये पातळ फळ्या, म्हणजे दिल्हे, हिरवा ऑइल पेंट मारलेला. मामांनी दिल्ह्याच्या उभ्या कडेला बोट लावलं. तिथं चौकटीलगत एक बारीक रेघ होती, रंग नसलेली, कोऱ्या लाकडाची, दिल्ह्याच्या दोन्ही अंगाला सारखी आणि वरखाली मात्र नाही. पेंट मारला तेव्हा दिल्हा फुगलेला होता, म्हणून तेवढा भाग चौकटीच्या खाचेत लपला होता. उन्हाळ्यात दिल्हा रुंदीत आखडला की कोरी कड बाहेर येते. जुन्या सुतारानं दिल्हा खाचेत नुसता बसवलेला असतो, चिकटवलेला नसतो, खिळा मारलेला नसतो. ते दार माझ्या वडिलांच्या लहानपणचं आहे आणि त्यात एक चीर नाही. मी त्याच दारातून रोज ये-जा करत होतो.

तसं हे आपल्या सगळ्यांना माहीतच असतं. पावसाळ्यात दार फुगतं, लागत नाही, खांदा लावून ढकलावं लागतं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं होतं. जुलैमध्ये वैतागून त्याला रंधा मारला तर एप्रिलमध्ये फटीतून उजेड दिसतो. फक्त दार आणि टेबल एकाच लाकडाचे असतात हे टेबल करताना आठवत नाही.

मला नुसतं ऐकून समाधान होईना म्हणून मोजायचं ठरवलं. त्याच तुळईचा एक तुकडा उरला होता, तो टेबलाशेजारच्या कपाटावर ठेवला आणि किचनच्या डिजिटल काट्यावर वजन लिहायला लागलो. मार्चमध्ये ३८६ ग्रॅम. मेमध्ये ३९४. ऑगस्टमध्ये ४११. त्यानंतर तो तुकडा ओव्हनमध्ये १०० डिग्रीच्या आसपास, समोर बसून, दोन दिवस थांबून थांबून वाळवला, वजन उतरायचं बंद झालं तेव्हा ३६० ग्रॅम. पाण्याचं वजन भागिले कोरड्या लाकडाचं वजन, हा ओलाव्याचा साधा हिशोब. म्हणजे मार्चमध्ये ७.२ टक्के, मेमध्ये ९.४, ऑगस्टमध्ये १४.२. पाऊणशे वर्षांचं लाकूड, छताखाली, घराच्या आत, आणि तरी सहा महिन्यात एवढं पाणी हवेतून ओढून घेतं. वाळणं म्हणजे झाडाचं मूळचं पाणी निघून जाणं, ते एकदाच होतं, पण हवेशी देवघेव लाकूड असेपर्यंत चालू राहते.

मे मधला आकडा मार्चपेक्षा जास्त कसा, हे मला पहिल्यांदा चुकलंय असं वाटलं. मग चीर पण बघितली. मार्चमध्ये तिच्या तोंडात तीन घडीचं जाड कार्ड जात होतं, मेमध्ये एका घडीचंच. कारण कूलर. एप्रिलपासून त्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालू होता आणि तो खोलीतली हवा ओली करतो. आपल्याकडं घरातल्या लाकडाला सगळ्यात कोरडा महिना मे नसतो, तो मार्च आणि एप्रिलची सुरुवात, ऊन चढलेलं असतं पण कूलर अजून बाहेर काढलेला नसतो. फळी कोरड्या हवेत फुटायची वेळ तीच. ज्यांच्या घरी कूलर नाही किंवा एसी आहे त्यांचं वेगळं असेल, एसी हवा कोरडी करतो.

आता माप. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं, हे मुख्य. सागवान हे तसं शांत लाकूड समजतात, म्हणून तर दारं-खिडक्या त्याच्या करतात, बाभूळ यापेक्षा जास्त त्रास देते. तरीसुद्धा फळीच्या टोकाला बघितल्यावर झाडाच्या रिंगा आडव्या पसरलेल्या दिसत असतील तर ओलावा एक टक्का बदलला की रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. रिंगा उभ्या असतील तर त्याच्या साधारण निम्मी. माझी फळी २४ इंच, ओलावा सात टक्के बदलला, म्हणजे आडव्या रिंगांच्या हिशोबानं पावणेतीन सूत, उभ्या रिंगांच्या हिशोबानं सव्वा सूत. माझ्या चार फळ्या मिसळ होत्या, म्हणजे दोन सूत धरा. आणि टोकाची आडवी पट्टी ही त्या जागी लांबीत लावलेली, ती अजिबात आखडणार नव्हती. फळीला दोन सूत आत जायचं होतं, पट्टीनं अन् चौदा स्क्रूंनी धरून ठेवलं, मग दीड सुताची चीर पडली. आकडे एवढे जुळले तेव्हा मला कळलं की ह्यात नशिबाचा काही भाग नव्हता. चीर टोकालाच सुरू का झाली तर लाकडाच्या कापलेल्या टोकातून ओलावा बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी पट वेगानं जातो, टोक आधी आखडतं.

दुरुस्ती दसऱ्यानंतर केली. आधी चौदा स्क्रू काढले, फेविकॉल लागला होता तिथं पातळ पटाशी घालून सावकाश सोडवलं, दोन ठिकाणी चौकटीचं लाकूड उचकटलं ते परत चिकटवलं. टोकाच्या पट्ट्या निघण्यासारख्या नव्हत्या, त्या करवतीनं कापूनच काढल्या, टेबल चार फुटाचं ४३ इंच झालं. मग चिरेच्या रेषेवरून पूर्ण फळी उभी चिरली. याला हात धजत नव्हता, पण अर्धवट चीर चिकटवून भागत नाही, आत फेविकॉल नीट पोचत नाही. दोन्ही कडांना रंधा मारला, कागदासारखे छिलके पूर्ण लांबीचे निघायला लागले तेव्हा थांबलो, दोन्ही कडा एकमेकांवर ठेवून मागं बल्ब धरला, उजेड दिसला नाही, मग जोडलं. अर्धा इंच रुंदी गेली. टोकं तशीच उघडी ठेवली, नुसती घासून गुळगुळीत केली. आता त्या टोकांवर रिंगा दिसतात आणि खरं सांगतो, पट्टीपेक्षा ते जास्त चांगलं दिसतं.

चौकटीला बसवायची पद्धत मामांनी सांगितली. आडव्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला वरच्या कडेजवळ तीन सूत खोल खाच पाडली. छोटे लाकडी ठोकळे केले, प्रत्येकाला एका बाजूला जीभ काढली. जीभ खाचेत बसते आणि ठोकळा स्क्रूनं फक्त वरच्या फळीला आवळायचा, चौकटीला नाही. फळी खाली ओढून धरली जाते पण रुंदीत सरकू शकते. पुढच्या आणि मागच्या लांब पट्टीजवळ ठोकळा पट्टीला चिकटवून बसवायचा नाही, तिथं मी एकेक सूत मोकळं सोडलं आणि जीभ तेवढी लांब ठेवली. दोन्ही आखूड पट्ट्यांत ठोकळा खाचेतून आपोआप पुढं-मागं सरकतो. फक्त आखूड पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर एकेक स्क्रू सरळ फळीत मारला, म्हणजे मध्य जागेवर राहतो आणि दोन्ही बाजूंना सारखं हलतं. ठोकळे करायचे नसतील तर लोखंडी एल पट्टी घेऊन तिचं भोक कानशीनं रुंदीच्या दिशेनं लांबट करा, तेही चालतं. टोकाला पट्टी पाहिजेच असेल तर फक्त मधल्या चार इंचाला चिकटवा अन् बाकीचे स्क्रू लांबट भोकात सैल ठेवा.

पॉलिश यावेळी वर, खाली, टोकाला, सगळीकडं सारखे हात. एका अंगाला पॉलिश आणि दुसरं कोरं असलं की दोन्ही अंगं वेगवेगळ्या वेगानं ओलावा घेतात आणि फळी वाटीसारखी वाकते. पॉलिशनं हलणं थांबत नाही, हळू होतं, एवढंच. यावेळी मी बॉइल्ड जवस तेल वापरलं, तेलानं सागवानाचा रंग उठून आला. पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो, तेल लावलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर निघाली नाही तर फडकं आपोआप पेटतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे अजिबात हलक्यात घेऊ नका. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

टेबल बसवलं त्या दिवशी फळीच्या खालून, आखूड पट्टीवर, फळीची कड जिथं येते तिथं मी पेन्सिलीनं बारीक रेघ मारली आणि महिना लिहिला. लेकीनं पुढं दर महिन्याला रेघ मारायचं काम स्वतःकडं घेतलं, आता अकरावीत आहे तरी विसरत नाही. मार्चची रेघ आणि ऑगस्टची रेघ यांच्यात एका बाजूला जवळपास एक सूत अंतर आहे, दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. दोन मार्च गेले. रात्री कधीतरी ठोकळा सरकल्याचा बारीक टक आवाज येतो, चीर नाही. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "हां, आता चालूलालंय बघ ते."

मे संपत आलाय. कूलर चालू आहे आणि मेची रेघ एप्रिलच्या थोडी बाहेर आलीय. जूनची अजून मारायची आहे, लेक म्हणते पहिला पाऊस पडू द्या मग मारते.